गोडं पाणी आधी, साबण मागाहून



१ जूनपासून बंदी लागली आणि ट्रॉलर जेटीला उभे राहिले. आता ३१ जुलैपर्यंत जाळी दुरुस्त करणं, इंजिनाचं काम, रंगकाम हे सगळं होईलच. पण घराच्या मागच्या दाराशी एक ढीग पडलेला असतो, त्याच्याकडे कोणाचं लक्ष जात नाही. हंगामभर वापरलेल्या पँटी, टीशर्ट, फुटबॉलच्या जुन्या जर्सी, रेनकोट, हातमोजे. यंदा आम्ही त्या ढिगावरच लिहायचं ठरवलं.

"कपडे कसे धुवायचे ते काय शिकवायचं?" असं आमच्यातल्याच काहींनी विचारलं. खरं सांगायचं तर आम्हीही वर्षानुवर्षं चुकीचंच धूत होतो. जेटीवरून आलेले कपडे उकळत्या पाण्यात टाकायचे, वर मूठभर पावडर, मग धोपटायचं. कपडे विरले, रंग गेले, वास मात्र तसाच. त्याच बादलीत पोरांचे शाळेचे कपडेही जायचे. वर्गात पोराला बाजूचा मुलगा सरकून बसायला सांगतो, बसमध्ये टोपली नसतानाही बाई आपल्याकडे बघून खिडकी उघडते, हे आपल्यापैकी अनेकांनी सोसलंय. मासळीचा धंदा आहे, त्याची लाज नाही. पण पोराच्या सदऱ्याला तो वास लागू नये एवढं तर आपल्या हातात आहे.

तर मुद्दा असा, की आपल्या कपड्यांत एक मळ नसतो, चार असतात. खारं पाणी, रक्त आणि माशाची चिकटाई, माशाचं तेल, आणि इंजिनाचं तेल नाहीतर डिझेल. चौघांचे स्वभाव वेगळे. सगळ्यांना एकच औषध दिलं की एक बरा होतो आणि दुसरा कपड्यात कायमचा बसतो.

आधी मीठ. समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम मीठ असतं. कपडा वाळला की पाणी उडून जातं, मीठ धाग्यातच राहतं. पावसाळ्यात डब्यातलं मीठ कसं पाझरतं ते आपण बघतोच. तेच मीठ पँटीच्या शिवणीत बसून हवेतली ओल ओढत राहतं, म्हणून दोरीवर दोन दिवस टांगलेली पँटही हाताला दमट लागते. दमट कपड्याला कुबट वास येणारच. शिवाय कंबरेला, मानेला, रेनकोटच्या बाहीखाली मनगटाला जे फोड येतात, त्यात या मिठाच्या कण्यांचा आणि ओल्या घर्षणाचा मोठा हात असतो. जखम झाली की मग मलम शोधत बसतो आपण.

मिठाच्या कपड्याला थेट साबण लावला तर साबण फुकट जातो. साबणाची वडी खाऱ्या पाण्यात फेस देत नाही, दह्याच्या कण्यांसारखा पांढरा चोथा तयार होतो आणि तो कपड्यालाच चिकटतो. गडद कपड्यावर जी राखाडी झाक दिसते ती पुष्कळदा हीच. पावडरचं खाऱ्या पाण्यात थोडं बरं चालतं, पण तीही जास्त लागते. म्हणून पहिलं पाणी नेहमी गोडं, साधं, साबणाशिवाय.

आता कोणी म्हणेल, एप्रिल-मे महिन्यांत बाव आटते, टँकरचं पाणी, कुठून आणायचं एवढं? इथे एक साधा हिशोब कामाला येतो. समजा पिळल्यावर पँटीत अर्धा लिटर खारं पाणी राहिलं. म्हणजे सतरा-अठरा ग्रॅम मीठ, चहाचे तीन चमचे तरी. ती पँट ९ लिटर पाण्याच्या बादलीत एकदाच खळबळली आणि पिळली, तर एकोणिसावा हिस्सा मीठ उरतं, जवळपास एक ग्रॅम. तेच ९ लिटर पाणी तीन-तीन लिटर करून तीन वेळा वापरलं आणि दर वेळी नीट पिळलं, तर पहिल्यांदा सातवा हिस्सा उरतो, मग त्याचा सातवा, मग त्याचा सातवा. सात साते एकोणपन्नास, एकोणपन्नास साते तीनशे त्रेचाळीस. तीनशे त्रेचाळिसावा हिस्सा, म्हणजे चिमूटसुद्धा नाही. पाणी तेवढंच, फक्त वाटून वापरलं. गुपित पिळण्यात आहे. न पिळता तीन बादल्या पालटल्या तर निम्मं पाणी वाया.

तिसरं पाणी जवळपास स्वच्छच असतं, ते पुढच्या पँटीचं पहिलं पाणी म्हणून वापरा. पहिलं पाणी भाजीच्या वाफ्यात सोडू नका, माडाच्या आळ्यात चालेल. आणि चार-पाच दिवसांच्या फेरीवर बोटीतच कपडे समुद्रात बुचकळणाऱ्या खलाशी दादांनो, शेवटी दोन-तीन तांबे गोडं पाणी वेगवेगळं ओतून पिळायचं एवढं केलंत तरी अंगाला फरक कळेल. जेटीच्या कडेच्या पाण्यात मात्र कपडे धुऊ नका, त्या पाण्यावर डिझेलची साय असते.

दुसरं रक्त आणि चिकटाई. इथेच आमची सगळ्यात मोठी चूक व्हायची. अंडं उकळल्यावर घट्ट होतं ना? रक्ताचंही तसंच आहे. गरम पाणी लागलं की ते धाग्यात शिजून बसतं, मग तो तपकिरी डाग कपड्याबरोबरच जातो. म्हणून रक्ताच्या कपड्याला थंड पाणीच. वाळायच्या आत धुतलं तर निम्मं काम साध्या पाण्यानंच होतं. वाळून गेलं असेल तर थंड पाण्यात अर्धा-एक तास भिजत ठेवा, ते पाणी टाका, मग साबण लावा.

हल्लीच्या बऱ्याच पावडरींत एन्झाइम असतात, पाकिटाच्या मागे लिहिलेलं असतं. हे एन्झाइम रक्त आणि चिकटाई तोडतात, पण त्यांना वेळ द्यावा लागतो आणि पाणी कोमट हवं, हाताला सुखद लागेल इतपत. उकळत्या पाण्यात टाकले की ते निकामी होतात. म्हणजे महागाची पावडर आणून तिच्यावर कढत पाणी ओतणं म्हणजे पैसे ओतणंच. अर्धा तास भिजू द्या, मग ब्रश. रेशमी आणि लोकरी कपड्यांना ही पावडर लावू नका, ती त्यांचे धागेही खाते.

आता वास. सगळ्यांना हवा असतो तो हाच धडा, म्हणून जरा सविस्तर. जिवंत माशाला फारसा वास नसतो. समुद्रातल्या माशाच्या अंगात एक द्रव्य असतं, मासा मेल्यावर जिवाणू ते फोडतात आणि त्यातून ट्रायमिथिलअमाइन नावाचा वायू सुटतो. नाकाला येतो तो नुस्त्याचा वास हा. त्याची जात क्षाराची, सोड्याच्या बाजूची. म्हणूनच आंबट लागलं की तो बसतो, उडायचा थांबतो आणि पाण्याबरोबर निघून जातो. आपल्या आयांना हे रसायनशास्त्र न शिकताच ठाऊक होतं. बांगड्याला आपण लिंबू पिळतो, मासे कापून झाले की हाताला आमसूल नाहीतर चिंच चोळतो. कपड्यालाही तोच न्याय लावायचा. आमसूल तेवढं नको, डाग पडेल.

साबणाचं धुणं झाल्यावर शेवटच्या बादलीत अर्धा कप पांढरं व्हिनेगर घाला. कपडे दहा-पंधरा मिनिटं त्यात राहू द्या, मग एकदा साध्या पाण्यातून काढा. आपल्याकडचं माडाचं व्हिनेगरही चालतं, पण त्याला रंग असतो, तेव्हा ते गडद कपड्यांनाच. व्हिनेगरचा स्वतःचा वास कपडा वाळला की जातो. पण एक लक्षात असू द्या, आधी साबणानं तेल काढल्याशिवाय आंबटाचा उपयोग थोडाच. तारली-बांगड्याचं तेल कपड्यात राहिलं की ते खवट होतं आणि इस्त्री फिरवली की वास पुन्हा उठतो. जर्सीसारखे पॉलिएस्टरचे कपडे हे तेल सुती कपड्यांपेक्षा जास्त धरून ठेवतात. जमलं तर जेटीवर सुती घाला.

मोबाइलवरच्या व्हिडिओत खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर एकत्र ओतून फेस दाखवतात. दिसायला छान, पण दोघं एकमेकांना मारतात आणि उरतं जवळपास नुसतं पाणी. आणि ते सुगंधी कंडिशनर! त्यानं वास जात नाही, वासावर अत्तर बसतं. वर कपड्यावर एक थर चढतो, त्यामुळे पुढच्या वेळी पाणी आत जात नाही. आमचं स्पष्ट मत आहे, ते पैसे चांगल्या पावडरीला घाला.

इथे एक गोष्ट कानावर घालायची आहे, आणि ती थट्टेची नाही. ब्लीच, म्हणजे पांढऱ्या कपड्यांना वापरतात ते क्लोरीनचं पाणी, कधीही व्हिनेगर, लिंबू किंवा टॉयलेटच्या ॲसिडबरोबर एकाच बादलीत घालू नका. त्यातून क्लोरीन वायू सुटतो. बंद न्हाणीघरात तो छातीत भरला तर जीव धोक्यात येऊ शकतो. अमोनिया असलेल्या सफाईच्या पाण्याबरोबरही ब्लीच नको. आमच्यातल्या एका घरात वास लवकर जावा म्हणून एकाच बादलीत दोन्ही घातलं गेलं होतं. डोळे चुरचुरायला लागले आणि खोकत सगळे अंगणात धावले. दार उघडं होतं म्हणून निभावलं. असं कधी झालंच तर बादली उचलायच्या भानगडीत पडू नका, आधी माणसं बाहेर काढा. दम लागला तर सरळ डॉक्टर.

डिझेलचं थोडक्यात. डिझेल किंवा ग्रीस लागलेला कपडा ओला करायच्या आधी, कोरडा असतानाच त्या जागी भांडी घासायचं लिक्विड चोळायचं आणि पंधरा-वीस मिनिटं ठेवायचं. आधी पाणी लावलं तर तेल आत सरकतं. मग कपड्याला सोसेल तेवढ्या गरम पाण्यानं धुवा. रक्ताच्या अगदी उलट. दोन्ही डाग एकाच कपड्यावर असतील तर रक्त आधी थंड पाण्यानं, डिझेल मागाहून. डाग काढायला पेट्रोल, रॉकेल वापरू नका. डिझेलचा वास पूर्ण जाईपर्यंत तो कपडा वॉशिंग मशीनमध्ये, ड्रायरमध्ये किंवा इस्त्रीखाली नको. तेलकट चिंध्याही बोचकं करून कोपऱ्यात ठेवू नका, बाहेर पसरून वाळवा. माशाचं तेल किंवा रंगकामाचं अळशीचं तेल लागलेल्या चिंध्यांचा ढीग आतल्या आत तापून पेटू शकतो, आणि बंदीत तर रंगकाम चालूच असतं.

गळाचा, तारेचा गंज कपड्याला लागला तर ब्लीच लावू नका, डाग आणखी पक्का होतो. पांढऱ्या सुती कपड्यावर लिंबू आणि मीठ चोळून उन्हात ठेवा, मग भरपूर पाण्यानं धुवा. रंगीत कपड्यावर लिंबू आणि ऊन एकत्र आलं तर रंग उडतो. माकुलाची शाई लागली तर तिथल्या तिथे थंड पाणी आणि साबण. वाळली की ती पुरती जातच नाही, आम्ही सगळं करून बघितलंय.

वॉशिंग मशीन असेल तर जेटीचे कपडे आधी बाहेर झटका, खवले काढा, गोड्या पाण्यातून दोनदा काढा आणि मगच आत घाला. खवले फिल्टरमध्ये अडकतात आणि मीठ पत्रा खातं. पोरांचे कपडे या फेरीत नकोत, त्यांची फेरी आधी. काम झाल्यावर झाकण उघडं ठेवा.

पावसात वाळवायचं कसं, हा दरवर्षीचा प्रश्न. पडवीत दोन कपड्यांमध्ये हातभर अंतर ठेवा आणि पंखा लावा. कपडा ऊब लागून वाळतो त्यापेक्षा वारा लागून जास्त वाळतो. पँट उलटी करून, खिसे बाहेर काढून टांगा. पेटीत भरायच्या आधी शिवण आणि खिशाचा कोपरा गालाला लावून बघा, हातापेक्षा गालाला ओल लवकर कळते. गार लागलं तर अजून एक दिवस.

राहिले रेनकोट, गमबूट आणि लाइफ जॅकेट. रेनकोट गोड्या पाण्यानं धुवा, मऊ ब्रश आणि सौम्य साबण वापरा. आतली बाजू विसरू नका, घामाचा वास तिथेच असतो. गरम पाणी, इस्त्री, पेट्रोल यांनी तो तडकतो नाहीतर चिकट होतो. सावलीत वाळवून घडी न घालता टांगून ठेवा. गमबुटात वर्तमानपत्राचे बोळे भरा आणि ओले झाले की बदला.

लाइफ जॅकेट मशीनमध्ये घालू नका, ब्लीच लावू नका, पिळूही नका. साध्या पाण्यानं धुऊन सावलीत टांगा. वाळल्यावर प्रत्येक पट्टा हातानं ओढून बघा, बक्कल दोनदा लावून-सोडून बघा, शिवण उसवली आहे का ते उजेडात धरून बघा. पट्टा सुटत असेल किंवा आतला फोम चुरला असेल तर ते जॅकेट बाजूला काढा आणि १ ऑगस्टच्या आत दुसरं घ्या.