गोळीच्या नावापुढचा ‘एच’

बीपीची गोळी मी दोन वर्षं बिनतक्रार घेत होते. मार्चमध्ये सोलापूरचं ऊन तापलं आणि गळ्याखाली, मानेमागे, दंडांवर लालसर गोल चट्टे उठले. कडेला कोंडा, मधली कातडी साफ. आमच्याकडे गोल चट्टा म्हणजे गजकर्णच. मेडिकलवाल्यानं मलम दिलं, वर टर्बिनाफिनच्या गोळ्या. महिन्याभरात चट्टे एकमेकांत मिसळून मानेवर नकाशा उमटला.

खाज फारशी नव्हती, ब्लाउजखालची कातडी कोरी होती. उन्हाशी संबंध आहे हे तेव्हाच कळायला हवं होतं, पण शेजारच्या वहिनींचा कडुनिंबाचा पाला वाटण्यात मी गर्क!

कातडीच्या डॉक्टरबाईंनी विचारलं, “गोळ्या कोणत्या चालू आहेत?” मी टर्बिनाफिन म्हणाले. “आणि रोजच्या?” रोजची गोळी मला औषध वाटतच नव्हती. पर्समधून स्ट्रिप काढली. नावापुढे बारीक ‘एच’ होता, म्हणजे हायड्रोक्लोरोथायझाइड, लघवी वाढवणारं औषध. कातडीचा तुकडा तपासला, रक्तात ‘अँटी-रो’ प्रतिपिंडं निघाली. औषधानं जागा झालेला कातडीचा ल्युपस, म्हणजे प्रतिकारशक्ती आपल्याच कातडीवर उलटणं. या गोळीवरचा हा आळ 1985पासूनचा आहे. त्यात टर्बिनाफिनही असा ल्युपस जागवणाऱ्या औषधांच्या यादीतलं, म्हणजे आग विझवायला मी तेलच ओतत होते.

यादीत पित्तावरची ओमेप्राझोलही आहे. क्षयाची आयसोनियाझिड, बीपीची हायड्रालझिन, मुरमांवरची मिनोसायक्लिन यांचा ल्युपस बहुधा वेगळा दिसतो: सांधे दुखतात, बारीक ताप येतो. त्रास औषध सुरू केल्यावर काही आठवड्यांनी येतो, कधी काही वर्षांनीही. म्हणून ‘ही तर जुनीच गोळी’ म्हणून तिला वगळू नका. डॉक्टरांकडे जाताना सगळ्या स्ट्रिपा पिशवीत घालून न्या, कोणती कधी सुरू झाली ते लिहून न्या. मात्र मनानं गोळी बंद करू नका. बीपी उसळलं किंवा क्षयाचा कोर्स अर्धवट राहिला, तर ते चट्ट्यांपेक्षा महागात पडेल.

माझी गोळी डॉक्टरांनी ‘एच’ नसलेली करून दिली. चट्टे जायला तीन महिने लागले. रक्तातली प्रतिपिंडं अजून आहेत. ह्यांच्या गोळीतही तोच ‘एच’ आहे. त्यांना काही होत नाही, ते ती घेतातच. मी आपली उन्हाळा लागला की त्यांची मान निरखते.