दुसरी प्रत आणि राखीव प्रत

दिवाळीच्या वहीपूजनात आता पुष्कळ पेढ्यांवर वहीशेजारी संगणकालाही हळदकुंकू वाहतात. ते योग्यच आहे. कारण कीर्द, खतावणी, येणेदेणे, जीएसटीची बिले ही सर्व आता त्याच्याच पोटात असतात. परंतु तिजोरीची दुसरी किल्ली कोणाजवळ आहे हे ज्या व्यापाऱ्याला झोपेतही सांगता येईल, तोच व्यापारी आपला हिशेब नेमका कोठे ठेवलेला आहे या प्रश्नास ‘ते संगणकवाला पाहतो’ असे उत्तर देतो. त्या उत्तराआड दडलेल्या एका गैरसमजाविषयी येथे लिहावयाचे आहे.

प्रथम आमच्या बेळगावच्या पेढीवर दोन वर्षांपूर्वी घडलेली गोष्ट सांगतो. हिशेबाच्या संगणकात दोन डिस्क बसविल्या होत्या. एकीवर जे लिहिले जाईल ते त्याच क्षणी दुसरीवरही उमटे. यंत्र विकणाऱ्याने ‘आता बॅकअपची काळजी नको’ असे सांगितले, आणि आम्ही निर्धास्त झालो. एके सायंकाळी आमच्या दिवाणजींनी, जागा मोकळी व्हावी म्हणून, चालू वर्षाचा हिशेब जुना समजून कायमचा पुसून टाकला. पहिल्या डिस्कवरून तो गेला. आणि यंत्राने आपले काम चोख बजावून दुसरीवरूनही तत्क्षणी घालविला. हिशेब तपासनिसांकडे सप्टेंबरअखेरची एक प्रत होती म्हणून अब्रू राहिली. पुढील चार महिन्यांच्या नोंदी बिले व बँकेचे उतारे समोर घेऊन पुन्हा कराव्या लागल्या. ज्या किरकोळ उधारीला कागद नव्हता, ती बुडाली. दिवाणजींना मी दोष देत नाही. चूक समजुतीची होती, आणि समजूत माझी होती.

या जोडडिस्कांच्या व्यवस्थेला ‘रेड’ म्हणतात. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील पॅटरसन, गिब्सन व कॅट्झ या तिघांनी १९८८ साली तिचे शास्त्र मांडले. एका मोठ्या महाग डिस्कऐवजी लहान स्वस्त डिस्कांचा समूह वापरावा, हा त्यांचा विचार. पण डिस्क जितक्या अधिक तितकी त्यांतील एखादी बिघडण्याची शक्यताही अधिक. म्हणून काही जागा जादा माहितीसाठी राखावयाची. कोठे हुबेहूब जोडप्रत ठेवतात, तर कोठे बेरजेसारखी युक्ती करतात. चार रकमा व त्यांची बेरीज लिहिलेली असेल आणि एक रक्कम शाईने माखली, तर बेरजेवरून ती काढता येते. तसेच मेलेल्या डिस्कवरील मजकूर उरलेल्यांवरून पुन्हा उभा राहतो. पेढीचे काम एक तासही थांबत नाही. हा उपकार थोडा नव्हे. तथापि कोणी चुकीची रक्कमच लिहिली, तर बेरीजही निमूटपणे तशीच बदलते. डिस्क मरण्यापासून ही व्यवस्था वाचविते; माणसाच्या चुकीपासून नाही, आणि फायली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या चोरापासून तर नाहीच.

आपण लहान माणसे म्हणून फसलो असे कोणी समजू नये. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या नामांकित संगणक संस्थेत रात्री काम करणाऱ्या अभियंत्याने चुकून मुख्य सर्व्हरवरील माहितीसाठाच पुसावयाचा हुकूम दिला. चूक ध्यानात येऊन हात थांबेपर्यंत सुमारे ३०० गिगाबाइटपैकी जेमतेम साडेचार उरले होते. राखीव प्रतींच्या पाच व्यवस्था कागदोपत्री होत्या. ऐन वेळी त्यांतील एकही भरवशाची ठरली नाही. नित्याची प्रत बरेच दिवस तयारच होत नव्हती, आणि ती फसल्याची सूचना देणारी पत्रे टपालव्यवस्थाच नाकारीत होती. कोणी सहज सहा तास आधी एक प्रत घेतली होती, तिने संस्थेला तारले. त्या सहा तासांतील नोंदी मात्र गेल्या. संस्थेने हे सर्व न लपविता जाहीर केले, याबद्दल तिचे कौतुक केले पाहिजे. आपल्याकडे असे प्रसंग पेढीच्या उंबऱ्याबाहेर जात नाहीत, म्हणून शेजारीही त्याच खड्ड्यात पडतो.

‘आमचे सारे क्लाउडमध्ये आहे’ असे सांगणाऱ्यांचीही संख्या वाढत आहे. नाव मेघाचे असले तरी वस्तू जमिनीवरचीच. कोणाच्या तरी इमारतीतील कोणाचे तरी यंत्र. १० मार्च २०२१ रोजी फ्रान्समध्ये स्ट्रासबर्ग येथे ओव्हीएच कंपनीची अशी एक इमारत जळून नष्ट झाली. ज्यांनी वेगळी प्रत ठेवली नव्हती त्यांचा माल गेलाच. पण राखीव प्रतीचे दाम मोजलेल्या काही ग्राहकांची ती प्रतही त्याच आवारात होती.

याउलट ज्या चुंबकीय टेपला लोक म्युझियममधली वस्तू समजतात, तिची कथा पाहा. फेब्रुवारी २०११ मध्ये गूगलच्या जीमेलमधील काही खात्यांची पत्रे एका सदोष सुधारणेमुळे दिसेनाशी झाली. त्यांच्या अनेक प्रती अनेक ठिकाणी होत्या. पण दोष जोडलेल्या प्रतींपर्यंत पोहोचला. पत्रे परत आली ती टेपवरून, कारण टेप कपाटात होती, तारेला जोडलेली नव्हती.

तारेविषयीही एक हिशेब सांगितला पाहिजे. लाईन ‘शंभरची’ म्हणून विकतात ते शंभर मेगाबिट असतात. फाईल मोजतात ती बाइटांत, आणि आठ बिटांचा एक बाइट होतो. म्हणजे सेकंदाला साडेबाराच मेगाबाइट. एक टेराबाइट माहिती दूरच्या सर्व्हरवरून परत आणावयाची तर ८०,००० सेकंद, सुमारे बावीस तास लागतात; तेही लाईन पूर्ण वेगाने अखंड चालली तर. माल गोदामात आहे एवढ्यावर समाधान मानू नये. तो पेढीवर कधी पोहोचेल हेही विचारावे.

आमच्या सरकारी नियमांतही हे मर्म आले आहे. जीएसटीच्या ५७ व्या नियमात इलेक्ट्रॉनिक नोंदींचा बॅकअप असा ठेवावयास सांगितले आहे की, अपघाताने नोंदी नष्ट झाल्यास वाजवी मुदतीत माहिती परत मिळावी. भर ‘परत मिळावी’ यावर आहे. ज्यांची पेढी कंपनी म्हणून नोंदलेली आहे, त्यांना २०२२ च्या सुधारणेपासून हिशेबाची राखीव प्रत दररोज, भारतातील सर्व्हरवर ठेवणे प्राप्त आहे.

आमच्या पेढीवर आता दोन सुट्या डिस्क आळीपाळीने वापरतो. दर शनिवारी एक भरून घरच्या कपाटात जाते, दुसरी तेथून येते. महिन्याच्या पहिल्या सोमवारी दिवाणजी ती प्रत एका जुन्या, कशालाही न जोडलेल्या संगणकावर उतरवितात आणि मागील महिन्याची तेरीज ताडून पाहतात. पहिल्या वेळी तेरीज पैसुद्धा न चुकता जुळली. दुसऱ्या महिन्यात त्यांनी खरेदीची बिले उघडून पाहावयाचे ठरविले, तेव्हा कळले की बिलांच्या प्रतिमांचा कप्पा यादीत घालावयाचा राहूनच गेला होता.