उजेड मंदावला, पण कशानं?

अगं, काल फोनवर तुझ्या प्रकल्पाबद्दल किती भरभरून बोलत होतीस! टाकाऊ चिपाडापासून निळे चमकणारे कार्बन डॉट करायचे, आणि त्यांचा उजेड मंदावला की द्राक्षातलं कीटकनाशक ओळखेल असा सेन्सर बनवायचा. म्हणून आत्ताच सांगते, नाहीतर नंतर रुसशील.

आधी उसाच्या चिपाडाचा नाद सोड. चिपाड वाया जातं कुठं? कारखान्यांचे बॉयलर त्यावर चालतात, वीजही होते. त्यापेक्षा मामाच्या द्राक्षबागेतल्या छाटणीच्या काड्या घे. एप्रिल छाटणी झाली की ढीग पडतो, ऑक्टोबरला पुन्हा थोडा, आणि मामा तो बांधावर पेटवून देतो.

काड्यांची पूड पाण्यात घालून, बंद भांड्यात 180-200 अंशांवर काही तास तापवली की तुझे कार्बन डॉट, म्हणजे कार्बनचे ते अतिसूक्ष्म कण, तयार. अतिनील दिव्याखाली ते चमकणार, काही कीटकनाशकांनी मंदावणार. इथवर सगळ्यांचंच जमतं गं, पेपरही छापून येतो.

खरी गोम द्राक्षात आहे. मामा बोर्डो मारतो ना, मोरचूद आणि चुना? मोरचुदातलं तांबंसुद्धा ही चमक विझवतं. म्हणजे उजेड मंदावला तो औषधानं की तांब्यानं, हे कसं सांगशील? ईडीटीए घालून तांबं बांधून बघ. शिवाय रस स्वतःच अतिनील प्रकाश गिळतो. म्हणून नुसत्या शुद्ध पाण्यातल्या आलेखावर हुरळू नकोस. फवारणी न झालेल्या वेलीचे घड आण, त्यांच्या रसात मोजून औषध मिसळ आणि मग बघ. युरोपात ज्या औषधाला वेगळी मर्यादा नाही, त्याला किलोमागे 0.01 मिलिग्रॅमच चालतं. म्हणजे 100 टन द्राक्षांत एक ग्रॅम! तिथवर तुझे कण पोचतात का?

आणि 2010 साल विसरू नकोस. युरोपनं आपली द्राक्षं अडवली ती क्लोरमेक्वॅट क्लोराइडमुळे, वेलीची वाढ रोखणाऱ्या संजीवकामुळे. आपल्याकडच्या तपासणीच्या यादीत ते नव्हतंच. तुझा सेन्सरही जे ओळखायला शिकवशील तेवढंच ओळखणार. म्हणून एकच औषध निवड, आणि तेच नमुने प्रयोगशाळेतल्या एलसी-एमएस यंत्रावरही तपासून घे. त्याचा खर्च विभाग देणार का, हे गाईडना आजच विचार. काम संपत आल्यावर नाही.

मामाला मात्र इतक्यात काही बोलू नकोस. उजेड टिकला म्हणजे माल खुडायला मोकळे, असं तो धरून चालेल. आणि तो मारतो ते औषध तुझ्या कणांना दिसतं की नाही, हे अजून तुलाच ठाऊक नाही.