शेतवस्तीवरील पहाऱ्याचा कॅमेरा : मांडणी आणि बिघाडाचा शोध

धाराशिव शहराच्या उत्तरेस, बालाघाटच्या डोंगराला लागून असलेल्या येडशीच्या शेतकऱ्याला राखणीची काळजी दोन बाजूंनी असते. एका बाजूस सोलापूर ते छत्रपती संभाजीनगर हा राष्ट्रीय महामार्ग आणि लातूर–बार्शी रस्ता. विहिरीवरील केबल, स्टार्टर किंवा गोठ्यातील शेळ्या रात्री वाहनात घालून दूर नेणे चोरास या रस्त्यांमुळे सोपे जाते. दुसऱ्या बाजूस रामलिंग घाटाचे अभयारण्य. डिसेंबर 2024 मध्ये या अभयारण्यात वनखात्याच्या कॅमेऱ्याने पट्टेरी वाघाचे छायाचित्र टिपले आणि अंगावरील पट्ट्यांच्या ठेवणीवरून तो यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वर अभयारण्यातून आल्याचे ओळखले गेले. जेथे शेतीची वीज अजून रात्रीच्या पाळीत मिळते, तेथे पाणी देण्यास किंवा जागलीस जाणाऱ्या माणसाला अंधारात पाऊल टाकण्यापूर्वी शेतात काय आहे हे कळणे म्हणूनच महत्त्वाचे झाले आहे.

वनखात्याचा तो कॅमेरा आणि शेतकरी बाजारातून आणतो तो कॅमेरा यांत एक मोठा भेद आहे. जंगलातील कॅमेरा सामान्यतः चित्र आपल्या कार्डावर साठवितो. माणूस तेथे जाऊन कार्ड काढील तेव्हा ते दिसते. शेतवस्तीवरील कॅमेऱ्याने मात्र त्याच क्षणी, घरी किंवा पुण्यास असलेल्या मुलाच्या मोबाईलवर चित्र पोहोचवावे अशी अपेक्षा असते. त्यासाठी वीज, भिंग, सिमकार्ड, कंपनीचे केंद्र आणि पाहणाऱ्याचा मोबाईल असे पाच दुवे एकाच वेळी शाबूत राहावे लागतात. त्यांतील एक तुटला तरी पडदा शांत राहतो, आणि शांत पडदा पाहून शेतकरी निर्धास्त झोपतो. कॅमेरा मुळीच नसलेला शेतकरी निदान सावध तरी असतो. म्हणून सूचना आली नाही याचा अर्थ शेतात काही घडले नाही असा कधीही घेऊ नये. रोज सायंकाळी एकदा थेट चित्र उघडून त्यावरील घड्याळ पुढे सरकत आहे याची खात्री करून घ्यावी.

जागा आणि भिंग

खरेदीच्या वेळी दुकानात दाखविलेले चित्र पाहून कॅमेरा सगळे शिवार पाहील अशी समजूत होते. ती चुकीची आहे. नेहमीच्या 4 मिलिमीटर भिंगाचा व 1920 ठिपके रुंदीचे चित्र देणारा कॅमेरा सुमारे 80 अंशांचा कोन पाहतो. अनोळखी माणसाचा चेहरा ओळखू यावा यासाठी चित्रात दर मीटर रुंदीस सुमारे 250 ठिपके पडावे लागतात. या कॅमेऱ्यात ते प्रमाण केवळ 15 फुटांपर्यंत टिकते. दीडशे फुटांवर तेच प्रमाण मीटरला 25 इतके उतरते, म्हणजे काही तरी हालचाल आहे एवढेच कळते. ते माणूस आहे की वासरू, हे सांगता येत नाही.

यावरून जागा कशी निवडावी हे उघड होते. कॅमेरा शेताच्या मध्यभागी उंच खांबावर न लावता, चोरास ज्या वाटेने यावेच लागेल त्या वाटेवर लावावा. वस्तीचे फाटक, विहिरीकडील पाऊलवाट किंवा गोठ्याचे दार यांपासून 12 ते 15 फुटांवर, 8 ते 10 फूट उंचीवर तो असावा. त्याहून उंच लावल्यास टोपी आणि खांदे दिसतात, चेहरा दिसत नाही. सर्व शिवाराचा अंदाज हवा असल्यास त्यासाठी दुसरा कॅमेरा घ्यावा. एकाच कॅमेऱ्याकडून दोन्ही कामे करून घेण्याच्या हौसेत दोन्ही बिघडतात. उगवत्या अथवा मावळत्या सूर्याकडे भिंगाचे तोंड असू नये. पत्र्याची पन्हळ किंवा पांढरी भिंत भिंगाच्या अगदी जवळ असल्यास रात्री कॅमेऱ्याचा अदृश्य प्रकाश तिच्यावरून परततो व सर्व चित्र पांढरट होते. असे चित्र पाहून कॅमेरा बदलण्याची घाई न करता तो वीतभर बाहेर सरकवून पाहावा.

हालचालीची सूचना देणारे कॅमेरे दोन तऱ्हेचे असतात. एक तऱ्हा चित्रातील बदल पाहते. वाऱ्याने हलणारी ज्वारी किंवा भिंगासमोरील कोळ्याचे जाळे यांमुळेही ती रात्रभर सूचना देत राहते. दुसरी तऱ्हा अंगाची ऊब ओळखते. तिच्यासमोरून आडवा जाणारा माणूस लवकर टिपला जातो, सरळ तिच्याकडे चालत येणारा उशिरा. मराठवाड्यातील उन्हाळ्यात, एप्रिल-मे महिन्यांत, तापलेली जमीन आणि माणसाचे अंग यांच्या उष्णतेत फरक फारसा उरत नाही आणि ही तऱ्हा दुपारी व सायंकाळी डोळे मिटल्यासारखी वागते. तो यंत्राचा दोष नव्हे. त्या दिवसांत संवेदनक्षमता वाढवून ठेवावी आणि पावसाळ्याच्या आरंभी पुन्हा उतरवावी.

वीज आणि संपर्क

शेतीच्या वाहिनीवरील वीज ठराविक तासच असल्याने कॅमेऱ्यास स्वतःचा सौर पट व बॅटरी हवी. हिशेब सोपा आहे. सिमकार्डावर सतत चालणारा 4 वॅटचा कॅमेरा दिवसरात्रीत 96 वॅट-तास वीज खातो. 12 व्होल्ट, 20 अँपिअर-तास क्षमतेच्या शिसे-आम्लाच्या बॅटरीत 240 वॅट-तास मावतात, परंतु ती निम्म्याहून अधिक रिकामी केल्यास लवकर निकामी होते. म्हणजे हाती 120 आले. आभाळ भरलेला एक दिवस यावर निभतो, दोन निभत नाहीत. पावसाळ्यासाठी बॅटरी दुप्पट, 40 अँपिअर-तासांची घ्यावी. चाळीस वॅटचा पट चार तासांच्या चांगल्या उन्हात, वाटेतील घट धरून, सुमारे 110 वॅट-तास देतो. तो कोरड्या ऋतूस पुरतो, पावसाळ्यास नाही. 75 वॅटचा पट घेणे इष्ट. येडशीच्या अक्षांशानुसार पटाचे तोंड दक्षिणेस करून तो सुमारे 18 अंश कलता बसवावा. आंब्याची वा कडुनिंबाची सावली दुपारी त्यावर पडत नाही हे पाहावे आणि महिन्यातून एकदा पटावरील धूळ पुसावी.

सिमकार्ड घेण्यापूर्वी निरनिराळ्या कंपन्यांचे मोबाईल घेऊन, खांब उभा करावयाच्या जागीच उभे राहून, थेट दृश्य पाठवून पाहावे. डोंगराच्या कुशीत दहा पावलांनी लहरींचे बळ बदलते. गावात चांगला चालणारा मोबाईल विहिरीवर मुका होतो हा अनुभव नवा नाही. सेकंदाला एक मेगाबिट या वेगाने चित्र पाठविल्यास तासाला 450 मेगाबाइट डेटा खर्च होतो. रोज दोन गिगाबाइट देणाऱ्या योजनेत म्हणून सुमारे साडेचार तासच थेट पाहता येते. सतत पाहत न बसता हालचालीच्या वेळीच चित्र पाठविण्याची मांडणी ठेवावी आणि संपूर्ण चित्रण कार्डावर राहू द्यावे. याच वेगाने 64 गिगाबाइटचे कार्ड पाच ते सहा दिवसांत भरते व नंतर सर्वांत जुने चित्रण आपोआप पुसले जाते.

वस्तीवर वाय-फायची सोय असल्यास एक अडचण हमखास येते. बहुतेक स्वस्त कॅमेरे 2.4 गिगाहर्ट्झच्या लहरीच ओळखतात. वाय-फायचे यंत्र 5 गिगाहर्ट्झवर असल्यास परवलीचा शब्द बरोबर असूनही जोडणी होत नाही, आणि शेतकरी शब्दच चुकला असे समजून तो पुनःपुन्हा घालीत बसतो.

काही जुने मार्गदर्शक दूरवरून पाहण्यासाठी वाय-फायच्या यंत्रात वेगळा मार्ग उघडण्यास सांगतात. सिमकार्डावर तो उपाय सहसा चालत नाही, कारण मोबाईल कंपन्या अनेक ग्राहकांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागे ठेवतात. बाहेरून आलेली हाक कोणत्या ग्राहकाची, हे ठरतच नाही. याकरिता आजचे कॅमेरे स्वतःच कंपनीच्या केंद्राशी संपर्क धरून बसतात आणि मोबाईल कॅमेऱ्याच्या क्रमांकावरून तेथे त्यास गाठतो. या सोयीची दुसरी बाजू अशी की, क्रमांक व परवलीचा शब्द ज्याच्या हाती, त्याच्या हाती वस्तीचे दार. सन 2016 मध्ये ‘मिराई’ नावाच्या घातक प्रणालीने जगभरातील कॅमेरे व वाय-फायची यंत्रे कारखान्यातून आलेल्या मूळ परवलीच्या शब्दांवरच काबीज केली होती. कॅमेरा चालू होताच तो शब्द बदलावा, कॅमेऱ्याच्या खोक्यावरील चौकटीच्या खुणेचे छायाचित्र कोणास पाठवू नये, आणि बसविणाऱ्या कारागिराने स्वतःच्या मोबाईलवर घेतलेली जोडणी त्याच्या समक्ष काढून टाकावी. नवीन खरेदी करताना, एप्रिल 2025 पासून लागू झालेल्या सरकारी सुरक्षा-तपासणीचे प्रमाणपत्र त्या नमुन्यास आहे काय, हे विक्रेत्यास विचारावे.

सर्व जोडणी प्रथम घरी, ओसरीवर करून दोन दिवस चालवून पाहावी आणि मगच खांब रोवावा. केबल नळीतून न्यावी. उंदीर, घुशी आणि डोंगराकडील वानरे उघडी तार फार दिवस ठेवीत नाहीत. प्रत्येक सांध्याजवळ केबलीस खाली झोळ द्यावा, म्हणजे पावसाचे पाणी सांध्यात न शिरता झोळावरून गळून जाते.

बिघाड कसा शोधावा

चित्र बंद पडले की बहुतेकांचा हात प्रथम कॅमेऱ्याच्या मूळ स्थितीत नेणाऱ्या बटणाकडे जातो. हा उपाय सर्वांत शेवटचा आहे. त्याने केलेली मांडणी पुसली जाते आणि खरे कारण तसेच राहते. तपास पाहणाऱ्याच्या हातातील मोबाईलपासून आरंभावा, कारण तेथे चालत जावे लागत नाही. मोबाईलवर इतर काही उघडते काय? घरच्या वाय-फायवर चित्र दिसते पण बाहेर पडल्यावर दिसत नाही, असे असेल तर मोबाईलचाच डेटा तपासावा. थेट चित्र दिसते पण सूचना येत नाहीत, असे असेल तर मोबाईलची बॅटरी वाचविणारी योजना त्या अॅपला झोपवीत असते. तिच्यातून ते वगळावे. त्यानंतर सिमकार्डाची मुदत पाहावी. रिचार्ज संपलेला कॅमेरा आणि चोरीला गेलेला कॅमेरा मोबाईलवर अगदी सारखेच दिसतात.

येथवर सर्व ठीक असल्यास मगच शेतात जावे, आणि शक्यतो दिवसा.

सर्वांत फसवा बिघाड म्हणजे दिवसा उत्तम चालणारा, परंतु अंधार पडल्यावर दर काही मिनिटांनी बंद होऊन पुन्हा सुरू होणारा कॅमेरा. पुष्कळांना हे नेटवर्कचे दुखणे वाटते आणि सिमकार्ड बदलण्यात पैसे जातात. वस्तुतः रात्री अदृश्य प्रकाशाचे दिवे लागतात, विजेची ओढ वाढते आणि बारीक तारेत दाब गळतो. अर्धा चौरस मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या तारेतून 100 फुटांवर एक अँपिअर वीज नेल्यास जाऊन-येऊन सुमारे दोन व्होल्ट वाटेतच जातात. 12 चे 10 उरतात आणि कॅमेरा मरतो. परीक्षा अशी करावी : दिवसा भिंगासमोर जाड कापड बांधून कॅमेऱ्यास रात्र झाल्याचे भासवावे, दिवे लागले की मीटरने बॅटरीवर आणि कॅमेऱ्याच्या टोकाशी असा दोन ठिकाणी दाब मोजावा. बॅटरीवर पुरेसा व टोकाशी कमी असेल तर तार जाड घालावी किंवा बॅटरी खांबाजवळ आणावी. दोन्हीकडे कमी असेल तर दोष बॅटरीत अथवा सौर पटात आहे. तो कॅमेऱ्यात शोधू नये.

चित्रावरील वेळ अडीच तास पुढे दिसत असेल तर घड्याळ चीनच्या वेळेवर राहिले आहे असे समजावे आणि भारतीय वेळ लावावी. ही बाब किरकोळ वाटते. पण चोरी झाल्यावर रात्री साडेअकराची घटना चित्रणात दोनची दिसली, तर साक्षीत गोंधळ होतो. कार्डही महिन्यातून एकदा तपासावे, म्हणजे मागील आठवड्यातील एखादे चित्रण खरोखर उघडून पाहावे. कार्ड खराब झाले तरी थेट चित्र दिसतच राहते, आणि गरज पडेल त्या दिवशी आत काहीच नसते.

चित्रात कोणी दिसल्यास

चित्रात माणूस दिसल्यास एकट्याने काठी घेऊन धावू नये. शेजारच्या वस्त्यांना कळवावे व 112 या क्रमांकावर पोलिसांना सांगावे. हिंस्र प्राणी दिसल्यास वनखात्याचा 1926 हा क्रमांक आहे. गोठ्याचे दार लांबूनच बंद होण्याची सोय असल्याखेरीज जनावरे सोडविण्यास जाऊ नये. कॅमेऱ्यात बोलण्याची सोय असेल तर तिचा उपयोग घरी बसून हाक देण्यास होतो.

चोरी झाल्यानंतर कार्ड त्याच दिवशी काढून ठेवावे, अन्यथा पाच-सहा दिवसांत नवे चित्रण त्यावर चढेल. मोबाईलवरून फिरविलेल्या तुकड्यापेक्षा मूळ कार्डास मोल अधिक असते. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 नुसार असे चित्रण न्यायालयात देताना प्रमाणपत्र जोडावे लागते. त्याविषयी पोलीस ठाण्यात विचारून घ्यावे. ग्रामकार्यकर्त्यांनी कॅमेऱ्याची दिशाही पाहावी. शेजाऱ्याचे अंगण किंवा स्त्रियांची अंघोळीची जागा चौकटीत येता कामा नये. स्त्रीचे खासगी क्षण चोरून टिपणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 77 खाली गुन्हा आहे, आणि अशा एका कॅमेऱ्यावरून भावकीत उभे राहिलेले वैर केबलीच्या चोरीहून महाग पडते.

कॅमेरा विकावयाचा अथवा दुरुस्तीस द्यावयाचा झाल्यास आधी कार्ड काढून घ्यावे आणि अॅपमधील आपल्या खात्यातून त्याचे नाव वगळावे. तसे न केल्यास नव्या मालकास तो जोडता येत नाही, किंवा जोडला तरी त्याच्या घराचे दृश्य जुन्या मालकास दिसत राहते.