व्यायामानंतरचे दुखणे : स्नायू आणि कंडरा

दिवाळीच्या सुट्टीनंतर वसतिगृहात परतलेली मुले पहिल्याच दिवशी शंभर-शंभर उठाबशा काढतात आणि तिसऱ्या दिवशी कठड्याला धरून जिना उतरतात. माजी विद्यार्थ्यांना हे दृश्य अपरिचित नसावे. ‘अंगात आम्ल साचले’ असे त्याचे कारण आम्हीही वर्षानुवर्षे सांगत आलो. ते चुकीचे होते. लॅक्टिक आम्ल तासा-दीड तासात ओसरते. हे दुखणे मात्र २४ ते ७२ तासांत शिगेला पोहोचते. स्नायूतंतूंना होणाऱ्या सूक्ष्म इजेकडे थिओडोर हफ यांनी १९०२ मध्येच लक्ष वेधले होते.

स्नायू ताणला जात असताना भार पेलतो तेव्हा ही इजा अधिक होते; म्हणूनच चढण्यापेक्षा उतरणे अंगाशी येते. तेथे पांढऱ्या पेशी येऊन मोडतोड साफ करतात, तंतूंच्या कडेला निद्रिस्त असलेल्या उपग्रह पेशी जाग्या होतात आणि डागडुजी सुरू होते. बहुधा आठवडाभरात स्नायू सावरतो. तोच व्यायाम काही दिवसांनी पुन्हा केल्यास त्रास पुष्कळ कमी होतो.

कंडरेचे, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या चिवट दोराचे, तसे नाही. तिचा रक्तपुरवठा तोकडा, पेशी विरळ. जोरदार व्यायामानंतर सुमारे दीड दिवस तिच्यातील कोलॅजेन घडते त्याहून अधिक झिजते. घडण वरचढ ठरते ती त्यानंतर. डेन्मार्कमधील संशोधकांनी गेल्या शतकातील अणुचाचण्यांमुळे हवेत वाढलेल्या किरणोत्सारी कार्बनचा माग टाचेमागील कंडरेत काढला. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा निष्कर्ष असा, की तिचा गाभा वयाच्या सुमारे सतराव्या वर्षापर्यंत घडतो आणि पुढे जवळजवळ बदलत नाही. मुले आपल्याकडे असतात ती नेमकी हीच वर्षे!

एका धावपटू मुलाची टाच रोज सकाळी दुखे. ‘सरावाने जाईल’ असे आम्ही म्हणालो. मांड्यांचे दुखणे गेले, टाचेचे राहिले. पुढचे दोन हंगाम तो मैदानाबाहेर बसून होता. दोन्ही दुखणी आम्ही एकाच मापाने मोजली होती. आता धावण्या-उड्यांच्या कठोर सरावानंतर आम्ही एक-दोन दिवस हलके ठेवतो.

पालकांनी आणखी एक गोष्ट ध्यानी घ्यावी. अतिश्रमानंतर, मग ते शिक्षेच्या उठाबशांचे का असेनात, लघवी चहासारखी गडद झाल्यास मुलाला त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे. तुटलेल्या स्नायूंतील द्रव्य मूत्रपिंडांना इजा करू शकते.