नववीचा भूगोल आणि हलणारी जमीन



येत्या जूनमध्ये डहाणूच्या आमच्या वसतिगृहातल्या सात मुली नववीत जातील. मंडळीतून संध्याकाळी अभ्यास घ्यायला येणारे पुष्कळदा विचारतात, "ताई, पृथ्वीविज्ञान कुठल्या पुस्तकातून शिकवायचं?" आपल्या शाळेत या नावाचा वेगळा विषय नाही. तो भूगोलातच आहे, 40 गुणांच्या पेपरात, आणि त्याचा मोठा भाग नववीत येतो.

हे पुस्तक मी स्वतः उशिरा वाचले. नोव्हेंबर 2018 पासून डहाणू-तलासरी भागात भूकंपाचे हादरे बसू लागले. आधी जमिनीखालून गडगड आवाज येई, मग भांडी वाजत. फेब्रुवारीत आम्ही मुलींना अंगणात झोपवत होतो. एका रात्री हादऱ्यानंतर मी प्रार्थना घेतली आणि म्हटले, आता झोपा. नववीतली एक वारली मुलगी उठून बसली. "ताई, जमीन का हलते?" मला सांगता आले नाही. सकाळी तिची वही पाहिली. भूकंपाची व्याख्या, भूकंपनाभी, अपिकेंद्र, सगळे जुलैतच लिहिलेले होते आणि खाली बाईंची बरोबरची खूण होती. वहीतला भूकंप आणि अंगणातला भूकंप एकच, हे तिला कोणी सांगितले नव्हते. मीही नाही.

म्हणून 'अंतर्गत हालचाली' या प्रकरणाला वेळ द्या. मंद आणि शीघ्र हालचाली, वली पर्वत, गट पर्वत, ज्वालामुखी हे सारे त्यात आहे. लहरी शिकवताना फळा नको. मुलींना खांद्याला खांदा लावून एका ओळीत उभे करा आणि टोकाच्या मुलीला हलका धक्का द्या. धक्का ओळीतून पुढे सरकतो, ती प्राथमिक लहर. मग लांब दोरी हलवा. दोरी आडवी डोलते आणि लाट पुढे जाते, ती दुय्यम लहर. प्राथमिक लहर आधी पोचते. आणि हादरा बसला तर काय करायचे, हे त्याच दिवशी करून घ्या. घरात असाल तर टेबलाखाली डोके झाकून बसा, बाहेर असाल तर भिंती आणि विजेच्या खांबांपासून दूर राहा. घाबरून पळताना पडूनही जीव जातो.

बाह्यप्रक्रियांची दोन प्रकरणे आपल्या मुलींना सोपी जातात. विदारण म्हणजे खडक फुटणे-कुजणे. कांद्यासारखे पापुद्रे सुटणारा काळा दगड त्यांनी शेताच्या बांधावर पाहिलेला असतो. तो बेसाल्ट, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. नदीचे काम सूर्या नदीवर नेऊन दाखवा, लाटांचे काम डहाणूच्या किनाऱ्यावर. हिमनदीला मात्र चित्रावरच भागवावे लागते. वृष्टीच्या प्रकरणात प्रतिरोध पर्जन्य येतो. जव्हारकडे एवढा पाऊस का आणि सह्याद्रीपलीकडे कमी का, इथून सुरुवात करा. सागरजलाचे गुणधर्म आणि वाररेषा ही प्रकरणे त्यामानाने लहान आहेत, पण वाररेषेला पृथ्वीगोल लागतोच.

एका वडीलधाऱ्या बंधूंनी काळजीने विचारले होते, एवढी कोट्यवधी वर्षे शिकवली तर मुलींच्या विश्वासाचे काय? मी ईश्वरविज्ञानाची पदविका घेतली आहे, तरी मला यात धोका दिसत नाही. दगडाचे वय दगडाला विचारावे. ज्या मुलीला प्रश्न विचारला म्हणून गप्प बसवले जाते, तिची मला जास्त काळजी वाटते.

ती मुलगी पुढे दहावी झाली. अजून सुट्टीत येते आणि दोरीचा धडा तीच घेते. आमच्याकडची दोरी आता विरली आहे, पृथ्वीगोलाचा आस मोडला आहे. जूनमध्ये येताना कोणाला जमल्यास दोन्ही आणा, आणि दुसरे प्रकरण वाचून या.