पितळेच्या कड्या आणि चिंचेचें पाणी



पनवेलजवळच्या कोन गांवाचें रूप गेल्या कांहीं वर्षांत पुष्कळ बदललें आहे. मुंबई-पुणें द्रुतगती मार्ग २००२ सालीं पुरा झाला. मग जेथें भाताचीं खाचरें होतीं तेथें उंच इमारती उभ्या राहिल्या. त्यांतील घरांसाठीं मुंबईच्या गिरणी कामगारांची सोडतहि २०१६ सालीं निघाली. परंतु जुन्या घराच्या दाराची कडी असो, कीं नव्या इमारतींतील दाराची मूठ असो, दोहोंना हवा एकच लागते. चार महिने धो धो पाऊस, आणि पनवेलच्या खाडीकडून येणारा खारट वारा! अशा हवेंत पितळ फार दिवस उजळ राहत नाहीं. म्हणून दसरा, दिवाळी किंवा नाताळ जवळ आला, कीं घरोघर चिंच भिजूं लागते, आणि घांसण्याचें काम बहुधा तुमच्याच वांट्यास येतें. हें काम समजून केलें, तर त्यांतून रसायनशास्त्राचा एक चांगला धडा मिळतो. न समजतां केलें, तर चांगली वस्तु हातची जाते. ह्या दोन्ही गोष्टी मीं अनुभवल्या आहेत.

प्रथम पितळ काळें कां पडतें, तें पाहूं. पितळ ही एकच एक धातु नव्हे; तांबें व जस्त ह्यांचें तें मिश्रण होय. प्रमाण कमीअधिक असतें, पण नेहमींच्या पितळेंत साधारणतः दोन भाग तांबें व एक भाग जस्त असतें. हवेंतील प्राणवायूचा ह्या धातूंशीं संयोग झाला, कीं वस्तूवर तपकिरी पापुद्रा धरतो. खाजणांतील चिखलाला जो कुजकट वास येतो, तो गंधकयुक्त वायूचा. त्याच्या संसर्गानें पितळ काळवंडतें. ओल व कर्बवायु ह्यांच्या योगानें तांब्यावर हिरवा थर चढतो, त्यास जंगाल म्हणतात. जंगाल विषारी आहे. म्हणून पितळ घांसल्यावर हात साबणानें धुतल्यावांचून तोंडास लावूं नयेत. पितळेच्या भांड्यांना आंतून कथलाची कल्हई करतात, तीहि ह्याचसाठीं. नाहीं तर त्यांत ठेवलेलें ताक कळकतें.

हे थर पाण्यानें धुऊन जात नाहींत, कारण ते पाण्यांत विरघळत नाहींत. मात्र आंबट पदार्थांत विरघळतात. आपल्या स्वयंपाकघरांत अशा पदार्थांची मुळींच वाण नाहीं. चिंचेंत टार्टारिक आम्ल असतें, लिंबांत सायट्रिक, आंबट ताकांत लॅक्टिक, बिलिंबींत ऑक्झॅलिक, आणि कोंकणच्या आमसुलांत हायड्रॉक्सिसायट्रिक. नांवें निरनिराळीं असलीं, तरी काम एकच. ह्या आंबट पाण्यांत मीठ घातलें, तर तें काम अधिक वेगानें होतें. मिठांतील क्लोरीन तांब्याशीं जोडला जाऊन त्याला पाण्यांत उतरावयास साहाय्य करतो. आपल्या आज्यापणज्यांना हीं आम्लांचीं नांवें ठाऊक नव्हतीं. पण चिंचेंत मीठ घालावयास त्या विसरत नसत.

आतां एक लहानसा प्रयोग करा. कडी स्वच्छ केल्यावर उरलेलें चिंचेचें किंवा लिंबाचें पाणी फेकूं नका. तें कांचेच्या पेल्यांत घेऊन त्यांत एक स्वच्छ लोखंडी खिळा टाका व कांहीं तासांनीं बाहेर काढून पाहा. खिळ्यावर तांबूस झांक आलेली दिसेल. हें तांबें आलें कोठून? तुमच्या कडीवरून! लोखंड पाण्यांत उतरतें आणि त्याच्या जागीं पाण्यांतील तांबें खिळ्यावर बसतें. ह्यावरून एक गोष्ट ध्यानांत येईल. पितळ उजळणें म्हणजे त्यावर कांहीं नवें चढविणें नव्हे. त्याच्या अंगचेंच कांहीं काढून टाकणें होय. प्रत्येक दिवाळीला कडी थोडी झिजते. म्हणून काम किती करावें, ह्यापेक्षां कोठें थांबावें, हें अधिक महत्त्वाचें आहे.

हा धडा मी फार उशिरां शिकलों. लहानपणीं आमच्या ओटीवरच्या झोपाळ्याच्या पितळी कड्या घांसावयास मला सांगितलें होतें. घांसण्याचा कंटाळा आला, म्हणून मीं त्या चिंच-मिठाच्या पाण्यांत बुडवून ठेवल्या आणि झोंपीं गेलों. सकाळीं पाहतों तों पिवळ्या कड्यांवर लालसर डाग! आजी म्हणाली, “अरे, पितळेचें तांबें केलेंस कीं!” ती रागावून बोलली, पण बोलली तें शास्त्राला धरूनच. पितळेंतील जस्त तांब्यापेक्षां लवकर विरघळतें. आम्लांत वस्तु फार वेळ राहिली, म्हणजे जस्त निघून जातें व पृष्ठभागावर तांबें उरतें. तो भाग सच्छिद्र व दुबळा होतो. घांसून घांसून डाग गेले, परंतु कडीवरच्या मोराच्या पिसाऱ्याच्या बारीक रेषाहि त्यांबरोबर गेल्या. त्या पुन्हां येणार कशा?

आतां योग्य रीत सांगतों.

वस्तु खरोखर पितळेची आहे कीं नाहीं, हें आधीं पाहावें. तिला लोहचुंबक चिकटला, तर आंत लोखंड आहे व वर केवळ मुलामा आहे असें समजावें. न चिकटला, तरी ती सबंध पितळेची असेलच असें नाहीं. जस्ताच्या ओतीव वस्तूंनाहि मुलामा देतात. मुलाम्याच्या वस्तूस आंबट व खरखरीत कांहीं लावूं नये. ओल्या फडक्यानें पुसून कोरडी करावी. एरवीं पितळ उघडें पडतें अशी म्हण आहे. येथें घांसतां घांसतां पितळ नाहींसें होऊन लोखंड उघडें पडेल! नव्या मुठींवर पुष्कळदां पारदर्शक रोगण असतें. तें शाबूत असेल, तर सौम्य साबणाचें पाणी पुरे.

वस्तु पितळेची आहे, अशी खात्री झाल्यावर ती कोंमट पाण्यानें व रिठ्यानें धुवावी, म्हणजे तेलकटपणा जातो. लाकडाची राख वस्त्रगाळ करून वापरली तरी चालते, कारण तिच्यांतील क्षार तेलकटपणा काढतो; मात्र राखेंत वाळूचा कण राहिल्यास ओरखडे पडतात. मग लिंबाएवढी चिंच अर्धी वाटी पाण्यांत कोळून त्यांत चमचाभर मीठ घालावें, कोळ वस्तूस लावावा, आणि पांच मिनिटांनीं नारळाच्या मऊ काथ्यानें हलकेंच चोळावें. डाग राहिल्यास पुन्हां पांच मिनिटें. रात्रभर कदापि नाहीं. राख आणि चिंच एकत्र कालवूं नये. एक क्षार, दुसरें आम्ल, दोघें एकमेकांचें बळ खाऊन टाकतात. पण चिंचेनंतर राखेचा किंवा खाण्याच्या सोड्याचा हलका हात फिरवावा, म्हणजे फटींत राहिलेलें आम्ल मरतें. शेवटीं भरपूर पाण्यानें धुवावें. मीठ मागें राहिलें, तर आठ दिवसांत पुन्हां हिरवें दिसूं लागेल. वस्तु पुसून उन्हांत पुरी वाळवावी, आणि फडक्यावर खोबरेल तेलाचे दोन थेंब किंवा थोडें मेण घेऊन पुसट हात द्यावा. ओल व वारा त्यामुळें कांहीं काळ दूर राहतात.

दारावर खिळविलेल्या कडी-कोयंड्यास व बिजागऱ्यांस पातळ कोळ लावल्यास तो ओघळून लाकडावर डाग पडतात. तेथें तांदळाचें पीठ व मीठ समभाग घेऊन लिंबाच्या रसांत घट्ट कालवावें. ही लुगदी जागची हलत नाहीं. कडीच्या भोंवतीं कागद लावावा, आणि लुगदी वाळण्यापूर्वीं ओल्या फडक्यानें दोनतीनदां पुसून घ्यावी.

आतां झोपाळ्याच्या कड्यांविषयीं एक विशेष सूचना. ती पालकांनींहि वाचावी. हिंदुस्थानांतील ब्रिटिश सैन्यांत पूर्वीं एक चमत्कारिक प्रकार घडे. घोड्यांच्या पागांजवळ सांठविलेल्या पितळी काडतुसांना पावसाळ्यांत आपोआप चिरा पडत. ह्याचें कारण मूर व त्यांचे सहकारी ह्यांनीं १९२१ सालीं नीट उलगडून दाखविलें. काडतूस घडवितांना धातूंत ताण राहून जाई, आणि घोड्यांच्या मुतापासून उठणारा अमोनिया वायु दमट हवेंत त्या ताणलेल्या पितळेस चिरी. काडतुसें बेतानें तापवून आंतला ताण घालविल्यावर हा दोष आटोक्यांत आला. ताण व अमोनिया हीं दोन्ही एकत्र आलीं, म्हणजे पितळ धोक्यांत येतें, असा त्याचा अर्थ. झोपाळ्याच्या कडीवर तर माणसांचा भार नित्य लोंबत असतो. म्हणून ती शिळ्या गोमूत्रानें किंवा अमोनिया असलेल्या कांचा पुसण्याच्या द्रवानें साफ करूं नये, आणि पावसाळ्यांत काढून ठेवावयाची झाल्यास गोठ्यांत टांगूं नये. दिवाळीला ती उतरविली, म्हणजे आधीं उजेडांत धरून प्रत्येक दुवा पाहावा. जेथें दुव्यांत दुवा अडकतो तेथें झीज सर्वांत अधिक असते. तेथें केसाएवढी चीर दिसली, किंवा दुवा बारीक झालेला आढळला, तर ती कडी कितीहि चकचकीत असली तरी भारास लावूं नये. कारागिराकडून बदलून घ्यावी.

तसेंच, जुन्या घंटेवर, समईवर किंवा कुलुपावर अक्षरें वा नक्षी असेल, तर तेथें चकाकीचा हव्यास धरूं नये. कोरड्या मऊ फडक्यानें धूळ पुसली, म्हणजे पुरे. तपकिरी पातळ थर वस्तूचें थोडेंफार रक्षणच करतो. गेलेलें अक्षर मात्र कोणत्याहि चिंचेनें परत येत नाहीं.

आमचा तो झोपाळा आजहि कोनच्या घरीं आहे. कड्या त्याच आहेत. फक्त वरचे दोन दुवे झिजल्यामुळें नवे घातले आहेत. बिनपिसाऱ्याच्या त्या मोराकडे पाहून घरांतलीं मुलें विचारतात, “ह्याचीं पिसें कोठें गेलीं?” मी त्यांना चिंचेची वाटी दाखवितों, हातांत घड्याळ देतों, आणि सांगतों, “पांच मिनिटें!”